हळू आलेला छर्रा

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही; गप्प बसलो असतो तर एक वेळ बरं झालं असतं. मी ही गोष्ट वर्गात सांगत आलो, फळ्यासमोर उभा राहून, हातवारे करत, मुलांना हसवत. नागपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. दरवर्षी ऊर्जेचा धडा आला की ही गोष्ट यायची. फक्त तिच्यातला एक माणूस मी काढून टाकलेला असायचा आणि त्याच्या जागी स्वतःला बसवलेलं असायचं. आता तो माणूसच राहिला नाही, तेव्हा त्याला त्याची जागा परत देण्याचं धैर्य मला आलं आहे. या धैर्याची किंमत काय, ते मला ठाऊक आहे.

मार्च निम्मा सरला की चंद्रपूरचं ऊन बदलतं. सकाळी आठलाच ते अंगणात पाय रोवून उभं राहतं. निवृत्त झाल्यावर मी इथं परत आलो तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. कोळसा, धुराडी, छतावर रोज साचणारी काळी पूड. पण जटपुरा दरवाजाच्या बाहेर अजून कोणीतरी म्हातारी मोहाच्या फुलांची टोपली घेऊन बसते. त्या वासापुढे कोळशाचंही काही चालत नाही. गोड, आंबूस, जरासा डोक्यात जाणारा. तो आला की परीक्षा आली. माझ्या नाकात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात शेजारची पूर्वा आली. दहावीला आहे. अभ्यास सोडून एक खेळणं घेऊन आली होती. अॅल्युमिनियमची पन्हाळीसारखी पट्टी, तिच्या मध्यावर चकचकीत चुंबक, चुंबकाला पलीकडून चिकटलेले दोन लोखंडी गोळे. चुंबक बाहेरून मागवलेला, नखाएवढा. पण ताकद अशी की माझ्या चष्म्याची काडी त्यानं ओढली.

"आजोबा, पहा ना. मी इकडून हा गोळा एकदम हळू सोडते. अन् तिकडून दुसरा कसा पळते ते पहा."

तिनं सोडला. गोळा आळसावल्यासारखा गडगडत गेला, चुंबकाच्या जवळ पोचताच अंगात आल्यासारखा धावला, टक्क झालं, आणि पलीकडचा शेवटचा गोळा सुटून सोफ्याखाली गेला.

"एवढी ताकद कुठून आली?" मी सवयीनं विचारलं.

"मॅग्नेटमधून."

"मग सोड पुन्हा."

"तसं नाई होत ना आजोबा. आधी हा चिपकलेला काढा लागते. लई घट्ट चिपकते हो. नखं दुखून राह्यले माझे."

नखं दुखतात हे तिनं म्हटलं, आणि मला पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जावं लागलं.

माझा शाळेतला दोस्त हबीब, त्याच्या वडिलांचं गॅरेज गावाच्या कोटाबाहेर होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रा, आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. आलापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके घेऊन येणाऱ्या लॉऱ्या तिथं दुरुस्तीला थांबायच्या. गाव तेव्हा चांदा होतं, गडचिरोली त्याच्याच जिल्ह्याच्या पोटात होती, आणि रस्ते असे की लॉरी एका फेरीत म्हातारी व्हायची. चाकांच्या बेअरिंगा फुटायच्या. हबीब त्यांतले छर्रे, गुळगुळीत पोलादी गोळे, काढून रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि खिशात घालून शाळेत आणायचा. बाकावर सांडले की वर्गातली सगळी मुलं वाकायची. मोत्यांकडेही कोणी इतक्या हावरटपणे पाहत नसेल.

आम्ही दोघे मॅट्रिकच्या वर्गात. मी लाकूड डेपोतल्या कारकुनाचा मुलगा, वर्गाचा मॉनिटर, शर्टाची वरची गुंडी लावलेला. तो बडबड्या, फुशारक्या मारणारा, मास्तरांच्या चालीची नक्कल करणारा. गणितात माझ्यापेक्षा कच्चा, पण हातात वस्तू आली की ती वस्तू त्याचं ऐकायची. आमची दोस्ती का जमली हे मला सांगता येणार नाही. बहुधा मला तो हसवायचा आणि त्याला मी लिहून द्यायचो.

त्या वर्षी त्याला लाकडं चिरायच्या आरा मशीनच्या मोडलेल्या इंजिनातून एक चुंबक मिळाला. मुठीत मावेल एवढा ठोकळा. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या भागात तो असायचा. हबीबनं सागाच्या फळीला रंध्यानं खोबण पाडली, मध्ये चुंबक बसवला, पलीकडून दोन छर्रे चिकटवले आणि अलीकडून एक सोडला. शोध लागला म्हणायचा तर असा, खेळता खेळता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गर्दी.

"हळू येते, जोरात जाते," हबीब डोंबाऱ्यासारखा ओरडत होता. "या भाऊ या! फुकटची ताकद पाहून घ्या! ना कोळसा, ना बैल!"

छर्रा व्हरांडा ओलांडून कडुनिंबाच्या मुळापर्यंत गेला. पोरं त्याच्या मागे धावली. सायन्सचे सर मागे येऊन उभे राहिले होते हे कोणाला कळलंच नाही.

"फुकटची ताकद जगात नसते," सर म्हणाले. रागानं नाही, त्यांचे डोळे हसत होते. "ही कुठून आली ते शोधून काढा. तपासनीस साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर हबीब हे करून दाखवील. आणि ताकद कुठून येते तेही सांगील."

हबीबनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. "मी दाखवीन सर. सांगाचं काम वसंताचं."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या क्षणी माझ्या आत काहीतरी चिकटलं. प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी माझ्याकडे, पहिला नंबर माझा, आणि साहेबांसमोर उभा राहणार गॅरेजवाला. मी त्याच्या शेजारी निवेदकासारखा. आज इतक्या वर्षांनी या भावनेला मी नाव देऊ शकतो. तेव्हा तिला मी अभ्यासूपणा समजलो.

होळीच्या सुट्टीत हबीबच्या मामाच्या लॉरीतून आम्ही आलापल्लीला गेलो होतो. त्या प्रवासातलं मला पुष्कळ आठवतं, आणि त्यातलं एक मी विसरायचा प्रयत्न करत आलो. पहाटे लॉरी जंगलात थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, पानं गळून मोकळी, आणि प्रत्येक झाडाखाली एक काळं वर्तुळ. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून खालचा पाचोळा जाळून टाकतात, त्याची राख. त्या काळ्या जमिनीवर पिवळट पांढरी, रसानं फुगलेली फुलं टप टप पडत होती. मला ती छर्ऱ्यांसारखी दिसली. बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. एका झाडाखाली मात्र कोणीच नव्हतं, आणि सडा सगळ्यांत जाड तिथंच होता. आम्ही दोघे तिथं वेचायला बसलो. हबीबनं रुमाल पसरला, मी खिसे भरले.

"ए बाबू," शेजारच्या झाडाखालची म्हातारी बाई ओरडली, "ते झाड दुसऱ्याचं हाये. त्याच्या खालचं आमीबी नाई वेचत."

"पण कोणी आलंच नाई ना वेचाले," मी म्हणालो.

"आज नाई आला तं नाई आला. झाड तं त्याचंच हाये ना."

एवढंच. ती पुन्हा वाकली. तिच्या लेखी यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. झाड घरोघर ठरलेलं. मालक आजारी असो, उशिरा येवो, फूल सडून जावो, दुसरा हात लावत नाही. हबीबनं रुमाल उलटा केला आणि फुलं होती तिथं पसरली. मी उठलो तेव्हा माझे खिसे भरलेलेच होते. लॉरीत बसून मी ती एकेक खाल्ली. हबीबनं पाहिलं. "तुह्या खिशाले डाग पडन बे," एवढंच तो म्हणाला.

आमच्या शाळेत त्या वर्षी नवे पट्टीचुंबक आले होते. दोन, खास पोलादाचे, एक टोक लाल रंगवलेलं, मखमल लावलेल्या लाकडी डबीत ठेवलेले. विज्ञानाच्या वर्गाला मान्यता मिळायची तर साधनं दाखवावी लागणार, म्हणून हेडमास्तरांनी खटपट करून ते आणवले होते. डबीला हात लावायची परवानगी सरांखेरीज कोणाला नव्हती. आणि चावी माझ्याकडे होती.

सकाळची शाळा सुटल्यावर एकदा आम्ही दोघेच मागे उरलो. हबीब कपाटाच्या काचेला नाक लावून उभा. "वसंता, एकच डाव मारून पाहू दे ना यार. ह्या शाळेचा चुंबक आपल्या भंगारापेक्षा भारी का हलका, ते तं समजन."

मी कपाट उघडलं. त्यानं आपल्या फळीतला चुंबक काढून तिच्या खोबणीत पट्टी ठेवली, पलीकडून छर्रे लावले आणि एक सोडला. टक्क. पलीकडचा छर्रा समोरच्या भिंतीवर आपटून चुना उडवून परत आला. त्याचा भंगारातला चुंबक कधी एवढं करू शकला नव्हता.

"बापरे!" हबीबनं पट्टी फडक्यानं पुसली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं. "बस. दुसऱ्याची चीज हाये."

त्याचा एक डाव झाला. माझे सुरू झाले.

त्याच दुपारी मी त्यांतली एक पट्टी वहीत गुंडाळून घरी आणली. पुढे दुसरीही आणली. मग रोज हाच खेळ, कधी एकीवर, कधी दुसरीवर. हबीबकडेच छर्रे मागितले. त्यानं मूठभर दिले, धुऊन, पुसून. काय करणार, विचारलंही नाही. वडील डेपोत, आई वाळ्याच्या ओल्या तट्ट्यामागे झोपलेली, बाहेर झळा. मागच्या पडवीत, हबीबसारखीच खोबण पाडलेली फळी मांडून, पालथा पडून मी छर्रे सोडत असे. टक्क. टक्क. टक्क. साहेब येतील त्या दिवशी हबीबचा छर्रा कडुनिंबापर्यंत जाईल आणि माझा फाटकापर्यंत, एवढंच मला दिसत होतं. पट्ट्या लपवायला जागा म्हणजे गोठ्याचा पत्रा. दिवस दिवस त्या तिथं तापत पडायच्या.

आणि हे कबूल केलं पाहिजे की त्या दुपारी मी खरंच शिकलो. हळू आलेला छर्रा चुंबकाजवळ येताच ओढला जातो, वेग घेतो आणि धडकतो. तो धक्का आतून पलीकडे पोचतो. पलीकडच्या टोकाचा छर्रा चुंबकापासून लांब असतो, त्याच्यावरची पकड ढिली असते, म्हणून तो सुटतो. जो धडकला तो मात्र चुंबकाला घट्ट चिकटून राहतो. पुन्हा डाव मांडायचा तर त्याला उचकटावं लागतं. उचकटताना माझी नखं सोलवटली. आईनं विचारलं तर चिंच फोडली म्हणालो. एका दुपारी नख रक्ताळलं आणि मला एकदम दिसलं: ताकद इथून येते आहे. माझ्या नखांतून. चुंबक काही फुकट देत नाही. आधी हातानं भरावं तेव्हा तो सोडतो. मांडताना कोणीतरी कष्ट करून ठेवलेले असतात, आणि बघणाऱ्याला फक्त उडालेला छर्रा दिसतो.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. चोरलेल्या वस्तूवर मिळालं होतं, पण उत्तर खरं होतं. त्या आनंदात मी पट्ट्या नीट पाहिल्याच नाहीत. शेवटी शेवटी छर्रा पूर्वीसारखा पळत नव्हता, फाटकापर्यंत कधीच गेला नाही. मला वाटलं, खोबणीत धूळ बसली असेल.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी मी पट्ट्या परत डबीत ठेवल्या. ठेवताना मला नीटनेटकेपणा सुचला. लाल टोकाशेजारी लाल टोक, छान दिसतं म्हणून. त्या दोन पट्ट्या मखमलीत एकमेकींना जरा ढकलत होत्या. टोकांना लावायच्या लोखंडाच्या चकत्या बसेनात, म्हणून त्या मी कोपऱ्यात टाकल्या. झाकण दाबलं आणि कडी लावली.

त्या दिवसाचा वर्ग मला अजून जसाच्या तसा दिसतो. धुतलेली फरशी, टेबलावर पांढरी चादर, साहेबांसाठी आणलेला वाळ्याचा पंखा. हबीबनं केसांना तेल लावलं होतं आणि सागाची फळी मांडीवर धरून तो पहिल्या बाकावर बसला होता. शर्ट इस्त्रीचा, बहुधा भावाचा. बाह्या मनगटाखाली येत होत्या. सरांनी आधी शाळेचे चुंबक काढले. खिळ्यांच्या ढिगात पट्टी बुडवून वर उचलली की खिळ्यांचा घोस लोंबतो, तो दाखवायचा होता. सरांनी उचलली. दोन खिळे आले, त्यांतला एक पडला. दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच. कोणीतरी मागे खुदकन हसलं. साहेबांनी पंखा थांबवला.

"ही तुमची नवी साधनं?" एवढंच ते म्हणाले, आणि उठून पुढच्या वर्गात गेले. हबीबची फळी मांडीवरच राहिली.

साहेब गेल्यावर हेडमास्तर आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "चुंबकांना कोणी हात लावला?"

मी माझ्या बोटांकडे पाहत होतो. मी श्वास घेतला, हे मला नक्की आठवतं. बोलण्यासाठी घेतला होता की नाही, हे आठवत नाही.

हबीब उभा राहिला. "मी लावला होता सर. एक डाव मारला होता."

"चावी कुठून आणलीस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "कपाट उघडं होतं सर."

"उघडं होतं! अन् तू घुसलास. लॉऱ्या ठोकून ठोकून हात शिवशिवतात ना? जा, तिथंच जा. परीक्षेला बसून काय दिवे लावणार आहेस!"

सरांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला. हेडमास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मी कोणाच्याही मध्ये बोललो नाही. हबीबला त्या वर्षी परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच्या वडिलांनी तक्रार केली नाही, विनवणी केली नाही, चुंबक फळीतून काढून घेतला, तो दुसऱ्या एका इंजिनात बसवला, आणि मुलाला म्हणाले, "बस झाली शाळा. हात चालते ना तुह्ये? चाल." पुढच्या वर्षी तरी बसवा म्हणून सर त्याच्या घरी जाऊन आले, असं ऐकलं. उपयोग झाला नाही.

परीक्षेच्या आधी एका दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. हबीब. हाताला ग्रीस, डोळे उन्हानं लाल.

"माफ कर बे वसंता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुले काई बोलले नाई ना ते? मी तुहं नाव नाई घेतलं. एका टकरीत चुंबक मरन असं मले काय मालूम! तूच कपाट उघडून देल्लं, अन् मी तुह्या भरोशाचं वाटोळं केलं. परीक्षेच्या टायमाले तुह्या जिवाले घोर."

माझ्या मागे, पडवीत, खाटेखाली माझी खोबणीची फळी आणि त्यानंच दिलेले छर्रे होते. त्यानं मान जरा वाकवली असती तर ते त्याला दिसले असते. मी दाराच्या चौकटीत जरा सरकून उभा राहिलो.

"जाऊ दे," मी म्हणालो.

मी त्याला माफ केलं. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी कसं सांगू! सुटल्यासारखं. "परीक्षा चांगली दे," तो म्हणाला आणि उन्हात निघून गेला.

परीक्षा चांगली गेली. नागपूरला गेलो. कॉलेजच्या मुलाखतीत विचारलं, ऊर्जा नष्ट होत नाही याचं स्वतः अनुभवलेलं उदाहरण दे. मी खोबणीची फळी सांगितली, छर्रे सांगितले, नखं सांगितली. "हे तू स्वतः केलंस?" "हो सर." त्यांनी एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं वेचून मी पुन्हा खिसा भरला, आणि या वेळी मला अडवणारी म्हातारीही नव्हती.

दुसऱ्या वर्षी वाचनालयात चुंबकत्वावरचं एक जाडं पुस्तक हाती लागलं. त्यात साध्या भाषेत लिहिलं होतं: पोलादी चुंबक एखाद्या धक्क्यानं दुबळा होत नाही. शेकडो लहान धक्के पुन्हा पुन्हा बसले तर होतो. तापला तर होतो. सारखी टोकं शेजारी ठेवून, चकत्या न लावता बंद केला तर होतो. ते पान म्हणजे माझी उजळणी होती. मी यातलं काहीच सोडलं नव्हतं. आणि हबीबची ती एक टक्कर त्या हिशेबात कुठं बसतच नव्हती. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. चांद्याला जाणारी गाडी रोज होती.

पुष्कळ वर्षांनी, केस पांढरे व्हायला लागले तेव्हा, मूल गावाच्या रस्त्यावर माझी मोटार बंद पडली. ढकलत नेली ती ज्या गॅरेजात, ते हबीबचं निघालं. पोट सुटलेलं, दाढी पिकलेली, आवाज तोच. मला पाहताच हातातला पाना टाकून आला.

"पोरं हो, इकडं या! हे माह्यासंगचे. प्रोफेसर हायेत नागपूरले. आमच्या शाळेचा नवा चुंबक मी एका टकरीत खलास केला होता. चुंबक तं मेलाच, संग माही मॅट्रिकबी गेली!"

कामगार हसले. ही गोष्ट त्यांनी आधी ऐकलेली होती हे दिसत होतं. हसण्याची जागा त्यांना ठाऊक होती. "म्हणून तं उस्ताद डायनामोजवळ हातोडी नेऊ देत नाई," एक जण म्हणाला. "चुंबकवाला पार्ट निघाला का फडक्यात गुंडाळून ठेवते, लेकरावानी."

"ठेवा लागते," हबीब म्हणाला. "एकदा चटका बसला ना. तुमी चहा घेसान ना सर?"

तुमी. सर. खोबणीच्या फळीवर वाकून माझ्या डोक्याला डोकं लावणारा हा माणूस. त्यानं एक टक्कर आयुष्यभर जपून ठेवली होती, फडक्यात गुंडाळून, आणि ती त्याची नव्हतीच. सगळे हसत होते तेव्हा मीही हसलो. चहा प्यालो. मोटार सुरू झाली.

धावत येतो तो अडकतो, पलीकडे आरामात बसलेला सुटतो, असं मी वर्गात म्हणायचो आणि मुलं माना डोलवायची. यंत्राबद्दल ते खरं आहे. माणसांना लावून मी बराच काळ समाधान करून घेतलं, जणू कोणत्या तरी नियमानंच आम्हाला तसं मांडलं होतं. पण छर्ऱ्याला तोंड नसतं. मला होतं.

गेल्या थंडीत कळलं की हबीबला लकवा झाला. मी रिक्षा करून गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो, सरांसमोर म्हणायच्या धड्यासारखं. तो खाटेवर होता, एक बाजू निकामी, शब्द जड. मुलानं मला खुर्ची दिली आणि दुकानावर निघून गेला. खोलीत आम्ही दोघेच.

"वसंता," तो म्हणाला. या वेळी सर नव्हतं.

"हबीब, तो चुंबक…"

त्यानं चांगला हात उचलला. "अजून हाये का रे तुह्या मनात?" डोळ्यांत पाणी आलं, आजारानं की कशानं, मला कळलं नाही. "मले लई वेळा वाटे, तुले पुन्हा एकदा माफी मांगाव. त्या दिवशी तू जाऊ दे म्हणाला ना, तेवढ्यावर निभावलं मी. नाईतं दोस्ताचा घात केला, असंच लागून राह्यलं असतं जिवाले."

आता खरं सांगितलं तर त्याच्या आयुष्याला ज्या एका शब्दाचा आधार होता तो खोटा होता हे त्याला कळेल, आणि तेही असं पडल्या पडल्या. म्हणून मी बोललो नाही. परतताना रिक्षात मी मनाला हेच सांगितलं. ते खोटं आहे. त्या खोलीतही मला तीच भीती वाटली जी वर्गात वाटली होती, आणि मी तसाच श्वास घेतला, तसाच सोडला. तो माझ्याकडे पाहत होता, वाट पाहत होता. मी त्याचा हात हातात घेतला. नखांखाली ग्रीसची काळी रेघ अजून होती.

"जाऊ दे," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा माफ केलं मी त्याला.

मोह टपकायच्या आधीच तो गेला. पूर्वा तिचं खेळणं माझ्या टेबलावर विसरून गेली आहे. मधूनमधून मी तो चिकटलेला गोळा उचकटून काढतो. आता बोटांत जोर नाही, वेळ लागतो. पाठ करून नेलेलं वाक्य अजून तसंच आहे, म्हणायला कोणी उरलं नाही म्हणून इथं लिहितो:

हबीब, एका टकरीत चुंबक मरत नाई रे. तू नाई मारला. मी मारला. माफ कर.